लोहाऱ्याचे कुरण नेमके कुठे आहे?

धाराशिव जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्याच्या नकाशात कुरण म्हणून बोट ठेवता येईल असा मोठा सलग पट्टा सापडत नाही. तेरणा नदीच्या आणि ओढ्यांच्या काठची काळी जमीन, तिच्यावरची मध्यम जमीन आणि त्याहून वरचा मुरमाड, बरड माळ असे जमिनीचे तीन थर आहेत. पाऊस सरासरी ७५० मिलिमीटरच्या आसपास, पण एका वर्षी सरासरी ओलांडणारा तर पुढच्या वर्षी निम्म्यावर थांबणारा. गावागावांची गायराने बहुतेक वरच्या थरावर आहेत, कारण जमाबंदी करताना जी जमीन नांगराला फारशी उपयोगाची नव्हती तीच गुरांच्या वाट्याला सोडली गेली. तरीही हा सगळा मुलूख जनावरांचाच. उस्मानाबादी शेळी इथली. शेजारच्या लातूर जिल्ह्यातली देवणी गाय इथल्या दावणीलाही बांधलेली असते. नळदुर्गच्या खंडोबाशी धनगरांच्या बाणाईचे लग्न लागल्याची कथा सांगितली जाते. लमाणांचे तांडे तर उमरगा-लोहाऱ्याच्या माळांवर जागोजाग आहेत. कुरण दिसत नाही आणि जनावरे मात्र शतकानुशतके जगली, तर ती जगली कशावर?

'रँच' म्हटले की आपल्यासमोर अमेरिकेतले तारेचे कुंपण आणि त्याच्या आतला हजारो एकरांचा गवताळ प्रदेश येतो. ती पद्धत वाटते तितकी जुनी नाही. जोसेफ ग्लिडनला काटेरी तारेचे पेटंट मिळाले १८७४ मध्ये. त्याआधी तिथेही गुरे मोकळ्या माळावरच चरत. १८८६-८७ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या मैदानांवर गुरे अक्षरशः गोठून मेली, कारण मागच्या वर्षांत गवताच्या ताकदीपेक्षा जास्त कळप सोडले गेले होते आणि थंडीसाठी चारा साठवलेला नव्हता. सरकारी चराऊ जमिनींवर परवान्याची शिस्त १९३४ च्या टेलर कायद्याने आणली. तिथे व्यवस्थापन म्हणजे जागा बांधून घेणे. मालक, कुंपण आणि त्यात किती जनावरे, या तीन गोष्टी ठरल्या की रँचचा हिशोब बसतो.

मराठवाड्यात हा हिशोब बसत नाही. इथे बांधला जात असे तो काळ. एकच शेत आषाढात मालकाचे असते आणि फाल्गुनात, पीक निघून रान मोकळे झाले की, निम्म्या गावाचे होते. उभ्या पिकावर मालकाचा हक्क, सडावर शेजाऱ्याच्या गुरांचाही, आणि उन्हाळ्यात त्याच शेतात मेंढ्या बसवल्या जातात तेव्हा शेतकरीच मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतो. मेंढी त्याचा पाला खाते, पण लेंडी आणि मूत टाकून जाते, आणि हा सौदा दोघांनाही परवडतो. चराईचा हक्क जमिनीला चिकटलेला नव्हता, तो महिन्याला चिकटलेला होता. गायरान हा त्या वर्षभराच्या साखळीतला एक दुवा होता. आपल्या कायद्याने आणि चर्चेने मात्र गायरानाकडे पाहिले ते केवळ 'जमीन' म्हणून, आणि इथेच सारा घोळ आहे असे मला वाटते.

थोडे गणित करू. आकडे ढोबळ आहेत, पण दिशा कळायला पुरेसे आहेत. सव्वातीनशे-साडेतीनशे किलोच्या गायीला किंवा बैलाला दिवसाला सात किलोच्या आसपास कोरडा चारा लागतो, म्हणजे वर्षाला अडीच टन. चांगल्या राखलेल्या माळावर हेक्टरी तीन टन कोरडे गवत धरता येते. तुडवलेल्या, उघड्या पडलेल्या माळावर एक टनही कठीण. त्यातले निम्मे माळावर राहिले पाहिजे, नाहीतर पुढच्या वर्षी मुळांना बळ उरत नाही. आता एक गाव कल्पू या, हजार हेक्टर लागवडीचे. शासनाच्या जुन्या धोरणातले पाच टक्क्यांचे प्रमाण धरले तर गायरान झाले ५० हेक्टर. चांगल्या अवस्थेत त्यातून वापरता येण्याजोगे ७५ टन गवत मिळेल आणि वर्षभर जगतील ३० जनावरे. वाईट अवस्थेत २५ टन गवत आणि दहा जनावरे. हजार हेक्टर कसणाऱ्या गावाला बैलच याच्या कितीतरी पट लागत. म्हणजे गायरानावर गाव जगत होते हे म्हणणे भाबडेपणाचे आहे.

त्याच गावात पूर्वी निम्म्या रानात ज्वारी असे. जिरायती रब्बी ज्वारीचा कडबा हेक्टरी दोन टन धरला तरी ५०० हेक्टरांत हजार टन होतो. चारशे जनावरांचे वर्षाचे पोट. लोहाऱ्याचे खरे कुरण ज्वारीच्या शेतात उभे होते. येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, ज्या रानात आंबिल, भज्जी आणि कोपीतल्या पूजेचा थाट असतो, त्या रानातली उभी ज्वारी माणसांच्या भाकरीइतकीच गुरांच्या उन्हाळ्याचीही तरतूद असे. त्यामुळेच शेतकरी बुटक्या ज्वारीपेक्षा उंच, गोड ताटाचा वाण पसंत करी. दाणा थोडा कमी चालेल, कडबा चांगला पाहिजे. हे चुकीचे अर्थशास्त्र आहे असे अनेक विस्तार अधिकाऱ्यांना वाटत आले. ते चुकीचे नव्हते.

मग गायरान कशासाठी? दोन गोष्टींसाठी, आणि त्या दोन्ही टनांत मोजता येत नाहीत. एक म्हणजे पावसाळा. मृगापासून पुढे तीन-चार महिने सगळ्या रानात पीक उभे असते किंवा पेरणीची तयारी चाललेली असते, कडब्याची गंजी तळाला गेलेली असते आणि जनावर सोडायला जागा उरत नाही. या १२० दिवसांत एका जनावराला साधारण ८४० किलो कोरडा चारा लागतो, म्हणजे वरचेच ५० हेक्टर चांगले राखले तर सुमारे ९० जनावरांचा पावसाळा निभावते. शिवाय वाढत्या गवतातली प्रथिने कडब्याच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त असतात. उन्हाळ्यात हाडे वर आलेले जनावर भरते ते याच दिवसांत. दुसरी गोष्ट माणसांची. ज्याला रान आहे त्याला बांध आहे, धुरा आहे, कडबा आहे. ज्याला रानच नाही त्याची शेळी जाणार कुठे? गायरान हा भूमिहीनाचा बांध होता.

*

आता गवताकडे वळू, कारण या विषयावरच्या बहुतेक लिखाणात जमीन असते, माणसे असतात, जनावरेही असतात, पण गवत नसते.

दख्खनच्या माळांवरच्या गवताला शास्त्रज्ञांनी सेहिमा-डायकँथियम असे जोडनाव दिले आहे. दाबडघाव आणि शंकरनारायण यांच्या १९७३ च्या ग्रंथात भारतातल्या गवताळ आच्छादनाचे जे पाच प्रकार केले आहेत, त्यांतला हा द्वीपकल्पाचा प्रकार. सेहिमा म्हणजे आपला पवन्या, आणि डायकँथियम म्हणजे मारवेल. मुरमाड उतारावर पवन्या आणि डोंगरी, खालच्या ओलसर काळ्या जमिनीत मारवेल. ही बहुवर्षायू गवते. पाऊस संपला की ती वरून वाळतात, पण मुळांत साठा ठेवतात आणि पुढच्या मृगात त्याच साठ्यावर उगवतात. त्यांच्या व्यवस्थापनाचे सारे शास्त्र या साठ्याभोवती फिरते. पहिल्या पावसानंतरच्या चार-सहा आठवड्यांत पान वाढते ते मुळाच्या उसनवारीवर. त्याच वेळी ते खुडले गेले तर उसने फिटत नाही. दोन-तीन वर्षे असे झाले की ठोंब मरतो.

ठोंब मेला की माळ लगेच उजाड होत नाही. आधी पवन्या-मारवेल हटतात आणि कुसळी येते. तिची कोवळी पाने जनावरे खातात, पण फुलोऱ्यानंतर तिची कुसळे तोंडाला टोचतात आणि मेंढीच्या लोकरीत घुसतात. त्यानंतर एका पावसाची, बोटभर उंचीची वर्षायू गवते येतात. ती भाद्रपदातच पिवळी पडतात. शेवटी तरवड, गाजरगवत आणि उघडा मुरूम. तरवड म्हणजे गुरांनी नाकारलेले झुडूपच समजावे. गाजरगवत तर परदेशी, १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम नोंदले गेले आणि तिथून सगळ्या माळांवर पसरले. लोहाऱ्याच्या एखाद्या गायरानात पाय ठेवला तर वर्षे न मोजताही ते या शिडीच्या कितव्या पायरीवर आहे हे सांगता येते. मोसम मात्र दसऱ्याचा हवा, कारण जूनमध्ये सगळेच माळ हिरवे दिसतात आणि पाहणाऱ्याला फसवतात.

खाणारी तोंडेही सारखी नाहीत. गाय गवताला जीभ गुंडाळून ओढते, तिला वीतभर तरी उंची लागते. मेंढी ओठांनी जमिनीलगत कुरतडते. शेळी मुळात गवताची नाहीच. बोर, बाभळीच्या शेंगा, हिवर, कुंपणावरच्या वेली, शेवरीचा पाला ही तिची निवड. बहुतेक काळ्या रंगाची, जुळे देण्याबद्दल नावाजलेली उस्मानाबादी शेळी या कोरड्या भागात टिकली ती झुडपांच्या जोरावर. म्हणून एकाच माळात तीन वेगळी कुरणे असतात, आणि 'शेळीने माळ खाल्ला' हे सरकारी कागदांत फार जुने असलेले विधान अर्धेच खरे आहे. गवताचा ठोंब बहुधा गुरांनी आणि मेंढ्यांनी संपवलेला असतो. शेळी शेवटपर्यंत तग धरते, म्हणून ती शेवटी दिसते आणि आळ तिच्यावर येतो.

*

जुन्या राजवटींना गवताची किंमत कळत होती, कारण त्यांचे सैन्य घोड्यावर होते. मराठेशाहीत सरकारी कुरणे राखली जात, गवत कापून आणण्याची वेठ गावांवर असे, आणि मेंढपाळांवर चराईच्या पट्ट्या बसत. घोडदळ ठेवण्याच्या बोलीवर निजामाने पायगा म्हटल्या जाणाऱ्या सरदार घराण्यांना जहागिरी दिल्या. शेजारच्या उमरगा तालुक्यातले गुंजोटी हे असेच पायगांचे ठाणे होते. वंजारी-लमाणांचे बैलतांडे तर फिरत्या कुरणावरच चालत. शाहजहानच्या दख्खन मोहिमेत धान्य पुरवणाऱ्या जंगी-भंगी नाईकांना गवत-पाण्याचा हक्क ताम्रपटाने मिळाल्याची परंपरा त्यांच्यात सांगितली जाते. रेल्वे आली, बैलांवरची वाहतूक बसली आणि तांडे माळांवर स्थिरावले. गवत ही राज्याची गरज उरली नाही. १८५३ ते १८६० या काळात नळदुर्गचा मुलूख इंग्रजांकडे होता आणि पहिली काही वर्षे मेडोज टेलर, म्हणजे ठगाच्या कादंबरीचा लेखक, तिथला कारभारी होता. मोजणी आणि सारा यांची नवी दृष्टी या भागात शिरली ती तेव्हापासून. जी जमीन सारा देत नाही ती पडीक, असे ही दृष्टी मानत होती.

पडीक हा शिक्का आजही पुसलेला नाही. माळ रिकामा आहे, तेव्हा तिथे झाडे लावा, हा त्याचा आधुनिक अवतार. समतल चर खणताना वर्षानुवर्षांचे ठोंब उपटले जातात आणि त्यांच्या जागी गिरिपुष्पाच्या काड्या उभ्या राहतात, ज्या जनावरे सहसा तोंडात घेत नाहीत. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील यांनी २०२५ मध्ये जुन्या मराठी ग्रंथांतल्या वनस्पतींचे उल्लेख तपासून दाखवले की पश्चिम महाराष्ट्राचे माळ हे तोडलेल्या जंगलाचे अवशेष नाहीत, ते निदान काही शतके माळच आहेत. लोहाऱ्याला हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येणार नाहीत, पण हवामान आणि खडक पाहता इथले चित्र फार वेगळे असेल असे वाटत नाही.

कायद्याचा भाग थोडक्यात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाचे कलम २२ जिल्हाधिकाऱ्याला गुरांच्या मोफत चराईसाठी जमीन राखून ठेवण्याचा अधिकार देते. मालकी शासनाची, देखभाल ग्रामपंचायतीची. भरकटलेल्या गुरांसाठी १८७१ च्या कायद्याने कोंडवाडा आधीच होता. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयाने भूमिहीन मागासवर्गीयांची १४ एप्रिल १९९० पर्यंतची गायरानावरची अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरले. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी सामायिक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे निर्देश राज्यांना दिले. मग अधिनियमात कलम २२-अ आले. गायरान दुसऱ्या कामाला सहसा देऊ नये, प्रकल्पासाठी अटळ असेल तर दुप्पट क्षेत्र चराईसाठी द्यावे. या सगळ्या कागदांत एकदाही गवत किती आहे, हा प्रश्न येत नाही.

१९९१ च्या निर्णयामागे मोठा लढा होता. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. मराठवाड्यात पुढे अ‍ॅड. एकनाथ आवाडांनी दलितांच्या गायरान हक्काची चळवळ उभी केली. बरड माळ फोडून मिळणारे पीक तुटपुंजे, पण त्या दोन-तीन एकरांनी माणसाला गावात उभे राहायला पाय दिले. त्या कसणाऱ्यांना गायरानाचे शत्रू ठरवणे मला मान्य नाही. १९५० च्या दशकापासून तीन दशकांत कोरडवाहू भारतातल्या सामायिक जमिनी ३१ ते ५५ टक्क्यांनी घटल्याचे नरपत जोधा यांनी १९८६ मध्ये सात राज्यांतल्या ८२ गावांच्या अभ्यासातून दाखवले, आणि तुकडे पाडून वाटलेल्या जमिनीचा मोठा वाटा गरिबांकडे गेला नाही हेही. गायरान आक्रसले ते इतर वाटांनीही: शेजारच्या बड्या शेतकऱ्याने तासातासाने कोरत नेलेले तुकडे, त्यावरच्या पाण्याच्या टाक्या, कचऱ्याचे ढीग, आणि आता सौर कृषी वाहिनी योजनेची सौर पॅनेल. गाव नमुना १-ई मध्ये अतिक्रमण करणाऱ्याचे नाव येते. सरकारनेच घेतलेली जागा मात्र त्या नमुन्यात अतिक्रमण म्हणून येत नाही.

*

तरी गायरान आक्रसले म्हणून लोहाऱ्याची जनावरे घटली, असे मी म्हणणार नाही. वरचे गणित खरे असेल तर मोठा आघात दुसरीकडे झाला, ज्वारीवर. खरिपात सोयाबीन आले, रब्बीत हरभरा वाढला. सोयाबीनने पैसा दिला, पण मागे ठेवले ते यंत्रातून निघालेले भुसकट. त्यातले बरेचसे रानातच उडून जाते. हजार टनांचे कुरण असे शेताच्या आतूनच नाहीसे झाले. त्याबद्दल मोर्चा निघाला नाही, कारण ते कुरण आहे हेच कुणाच्या ध्यानी नव्हते. पाठोपाठ तणनाशक आले आणि बांध जळाले. दुपारी खुरपून झाल्यावर बायका डोक्यावर गवताचा भारा आणत, तो भारा बांधावरचा असे. भारा बंद झाला आणि त्याबरोबर अनेक घरांतली एक म्हैसही. उसाचे वाढे कारखान्याच्या हंगामात मिळते, पण ते विकत घ्यावे लागते आणि पावसाळ्यात नसते.

३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपाचाही यात वाटा आहे. सास्तूर आणि आसपासच्या गावांत नव्या वसाहती ऐसपैस आखल्या गेल्या, त्यासाठी शेतजमीन गेली. जुन्या माती-दगडाच्या वाड्यात ढाळजेपलीकडे जनावर बांधलेले असे. सरळ रेषेतल्या पक्क्या घरांच्या आराखड्यात दावणीला जागा नव्हती. ज्यांच्या डोळ्यांसमोर तीच माती माणसांवर कोसळली होती, त्यांना त्या वेळी गोठ्याची आठवण कोण करून देणार?

राज्यभराचे आकडे याच दिशेला जातात. २०१२ आणि २०१९ च्या पशुगणनांच्या दरम्यान महाराष्ट्रातली गाय-बैलांची संख्या सुमारे १ कोटी ५५ लाखांवरून १ कोटी ४० लाखांवर आली, तर शेळ्या ८४ लाखांवरून १ कोटी ६ लाखांवर गेल्या. बैलांचे काम ट्रॅक्टरने घेतले, २०१५ मध्ये लागू झालेल्या गोवंश हत्याबंदीच्या कायद्याने म्हाताऱ्या बैलाचा बाजार बंद केला, आणि ज्याच्याकडे रान नाही, कडबा नाही, तो शेळीकडे वळला. गायरानाला आज जे खाते ते बव्हंशी भूमिहीनाचे आणि बव्हंशी बाईच्या हातातले जनावर आहे.

हे लक्षात घेतले की चराईबंदीकडे वेगळ्या नजरेने पाहावे लागते. हिवरे बाजारने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, गवत कापून नेऊ दिले, आणि माळ भरला. यश खरे आहे. पण कापून नेण्याची पद्धत गोठ्यात दुभते जनावर असणाऱ्याला मानवते. शेळी कापलेल्या पवन्यावर जगत नाही. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीत पाणलोटाच्या कामात माळ बंद झाले तेव्हा मेंढपाळांचा प्रश्न उभा राहिला होता. सरसकट बंदी म्हणजे गवत वाचवण्याचा सर्वांत सोपा आणि सर्वांत अन्यायी मार्ग, असे माझे मत आहे.

माळ बंद करायचा असेल तर तो महिन्याने बंद करावा, माणसाने नव्हे. गायरानाचे चार तुकडे पाडावेत. मृगापासून पोळ्यापर्यंत गुरा-मेंढरांना एका वेळी दोनच खुले ठेवावेत आणि दर वर्षी एक तुकडा दसऱ्यापर्यंत पूर्ण राखावा, म्हणजे बी पडेल आणि ठोंबाचे उसने फिटेल. दसऱ्यानंतर त्या तुकड्यातले गवत वाट्याने कापावे, आणि त्यात बिनजमिनीच्या घरांचा वाटा आधी काढावा. झुडपांच्या कडेने शेळ्यांना वाट ठेवावी. ओलसर खोलगटात राहुरी विद्यापीठाचा मारवेल आणि मुरमावर स्टायलोसारखे द्विदल लावता येते. बांधावर तणनाशक मारायचे नाही, असा ठराव ग्रामसभेला करता येतो. आणि हजारातले शंभर हेक्टर तरी पुन्हा ज्वारीखाली यावेत म्हणून कडब्याचा भाव धरून ज्वारीचा हिशोब मांडावा लागेल, कारण नुसत्या दाण्याच्या भावात ती सोयाबीनपुढे टिकत नाही. या सगळ्यात महाग काय, तर राखणदार. पूर्वी गावाचा गुराखी घरटी धान्यावर हे काम करी. आज त्याची मजुरी कुणी तरी रोख द्यावी लागेल. ती ग्रामपंचायतीने द्यावी, की कापलेल्या गवताच्या विक्रीतून निघावी, यावरच बहुतेक गावांत गाडे अडते.

मोजमापाला मात्र खर्च नाही. दसऱ्याच्या सुमारास गायरानाच्या दहा-बारा ठिकाणी एक-एक चौरस मीटरची चौकट टाकावी, आतले गवत कापून वाळवावे आणि तोलावे. चौकटीत सरासरी १०० ग्रॅम भरले तर हेक्टरी एक टन, ३०० ग्रॅम भरले तर तीन टन. शंभराच्या खाली आलेला तुकडा पुढच्या पावसाळ्यात गुरांना बंद, दोनशेच्या वरचा खुला. हा आकडा ग्रामसभेच्या इतिवृत्तात सर्व्हे नंबराशेजारी लिहिला गेला तर गायरानाच्या कागदावर गवताची ती पहिली नोंद असेल. तो तोलताना सरपंच आणि तलाठ्याबरोबर ज्यांच्या शेळ्या तिथे चरतात त्या बायका हजर हव्यात, कारण कुठला तुकडा कुठल्या महिन्यात रिकामा पडतो हे त्यांना चौकट न टाकताही ठाऊक असते.